दोन बोटांचा बादशहा

अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा अमरावतीच्या राजापेठेत काय, हौसेने गिटार विकत आणणाऱ्या मुलाची पहिली दोन गाऱ्हाणी ठरलेली असतात. पोलादी तारा दाबून बोटांची टोके हुळहुळी होतात, हे पहिले. आणि एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर बोटे पोहोचेपर्यंत गाणे पुढे निघून जाते, हे दुसरे. उजवा हात ताल धरू पाहतो, डावा हात मागे रेंगाळतो आणि दोघांची गाठ काही पडत नाही. पुष्कळ गिटारी याच टप्प्यावर कपाटावर जाऊन बसतात. डाव्या हाताची चारही बोटे धडधाकट असलेल्यांची ही स्थिती असते. मग ज्याची त्यातली दोन बोटे वयाच्या अठराव्या वर्षी आगीत होरपळून कायमची आखडली, त्याने काय करावे? जँगो राइनहार्ट याने गिटार पुन्हा पहिल्यापासून शिकावयास घेतली आणि युरोपातील जाझ संगीताला स्वतःचे असे रूप दिले.

२३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबरशी या खेड्याजवळ, मुक्कामाला थांबलेल्या एका भटक्या कुटुंबाच्या गाडीत त्याचा जन्म झाला. कागदोपत्री नाव झां राइनहार्ट. जँगो हे घरच्यांनी ठेवलेले नाव. ‘मी जागा होतो’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो आणि आपल्या ‘जागणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते जोडले जाते. यात नवल नाही. युरोपात ज्यांना जिप्सी म्हटले गेले त्या रोमा लोकांची भाषा मूळची भारतीय आहे. नाक, कान, पाणी यांसारखे शब्द थोड्याफार फरकाने आजही त्यांच्या बोलण्यात आहेत. या समाजाच्या मनूश शाखेत जँगो वाढला. वडील वादक, आई नर्तकी. घोड्यांच्या गाड्यांतून फिरत फिरत हे कुटुंब अखेर पॅरिसच्या वेशीबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात स्थिरावले. शाळेशी त्याचा संबंध जवळजवळ आलाच नाही. लिहिणे-वाचणे त्याला मोठेपणीही जेमतेमच येत असे आणि स्वरलिपी तर कधीच आली नाही.

प्रथम त्याच्या हाती व्हायोलिन आले. बाराव्या वर्षाच्या सुमारास एका शेजाऱ्याने त्याला बँजो-गिटार दिली आणि तेव्हापासून तो त्या वाद्याचा झाला. त्याला रीतसर गुरू असा नव्हता. वस्तीतील जाणते वादक वाजवू लागले की तो त्यांच्या बोटांकडे टक लावून पाही, ती ठेवण मनात साठवी आणि एकटा असताना हाताकडून घोटून घेई. वर्षभरातच हा पोर पॅरिसच्या नृत्यगृहांतून अकॉर्डियन वादकांना साथ करू लागला. अकॉर्डियनवाला सूर धरणार आणि बँजोवाल्याने मागे कॉर्ड वाजवून नाचणाऱ्यांच्या पावलांना ताल पुरवायचा, अशी ही कामाची वाटणी. रात्र रात्र तेच काम केल्याने डाव्या हाताची कॉर्डबदल आणि उजव्या हाताचे स्ट्रमिंग त्याच्या अंगात भिनले. १९२८ मध्ये त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांवर त्याचे नाव चुकीचे छापले गेले आणि ते वाचून दुरुस्त करण्याइतके अक्षरज्ञान त्याच्यापाशी नव्हते.

त्याच वर्षी इंग्लंडचा नामांकित वाद्यवृंदप्रमुख जॅक हिल्टन पॅरिसला येऊन त्याला ऐकून गेला आणि आपल्या वृंदात येण्याचे निमंत्रण देऊन गेला. अठरा वर्षांच्या भटक्या मुलाला याहून मोठे दार उघडणे अवघड होते. परंतु नियतीने आड यायचे ठरवले होते. त्या वर्षीच्या थंडीच्या तोंडावर एका रात्री काम आटोपून तो आपल्या गाडीत परतला. त्याची पत्नी बेला सेल्युलॉइडची कृत्रिम फुले करून विकत असे आणि गाडी अशा फुलांनी भरलेली होती. मेणबत्तीची ज्योत फुलांना लागली. सेल्युलॉइड हे अतिशय ज्वालाग्राही. क्षणार्धात सारी गाडी पेटली. दोघे जीव वाचवून बाहेर पडले, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात भाजून निघाला.

डॉक्टरांनी पाय कापावा लागेल असे सांगितले. त्याने साफ नकार दिला आणि पाय वाचला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र वाचूनही गेल्यासारखीच होती. जखमा भरताना कातडी आणि स्नायू आकसले आणि ही दोन बोटे तळव्याकडे वळून तशीच राहिली. गिटारच्या दांडीवर तारा दाबण्याचे सारे काम ज्या हाताचे, त्याच हाताची ही अवस्था. वादक म्हणून तो संपला, असेच सर्वांनी धरून चालले. सुमारे दीड वर्ष तो उपचारांत होता. या काळात धाकटा भाऊ जोसेफ याने त्याला गिटार आणून दिली. भावाने दिलेले ते वाद्य घेऊन जँगो अंथरुणावर बसून बोटे फिरवू लागला.

हा विद्यार्थिदशेचा दुसरा फेरा पहिल्याहून कितीतरी कठीण होता. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. नवशिक्याला प्रथम ज्या कॉर्ड शिकवतात त्यांत बहुधा तीन बोटे लागतात. सी मेजरवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मध्यमा जागच्या जागी ठेवायच्या आणि फक्त अनामिका एका तारेवरून दुसरीवर न्यायची, हा पहिल्या महिन्याचा धडा. जे बोट दोन्ही कॉर्डमध्ये एकाच जागी असते ते उचलायचे नाही, हे कॉर्डबदलाचे अर्धे रहस्य. एफ मेजरला तर तर्जनी आडवी पसरून सहाही तारा दाबाव्या लागतात आणि उरलेली तिन्ही बोटे कामाला लागतात; तेथे भलेभले थकतात. जँगोपाशी यांपैकी एकही धडा जुन्या रीतीने गिरवण्याची सोय उरली नव्हती. अनामिकाच नसेल तर सी मेजर कसा धरावा?

त्याने उत्तर शोधले ते वाद्याचा नकाशा नव्याने आखून. सुटे स्वर वाजवण्यासाठी तर्जनी आणि मध्यमा या दोनच बोटांवर त्याने भिस्त ठेवली. चार बोटांचा वादक दांडीवर एका जागी हात स्थिर ठेवून आडवा फिरतो. जँगोचा हात दांडीवर उभा धावू लागला. कॉर्ड धरताना त्याने अंगठा दांडीवरून पुढे आणून खर्जाच्या तारांवर ठेवला, दोन चांगली बोटे मधल्या तारांना दिली आणि वाकलेली अनामिका-करंगळी वरच्या दोन तारांवर नुसती टेकवून त्यांच्याकडून जमेल तेवढे काम घेतले. सहाही तारा वाजल्याच पाहिजेत हा हट्ट त्याने सोडला. तीन-चार नेमके स्वर पुरेत, पण ते योग्य असावेत.

या टंचाईतून एक वेगळा रंग आला. सा, ग, प या नेहमीच्या तिकडीला शुद्ध धैवत मिळवला, किंवा गंधार कोमल करून तोच धैवत ठेवला, की जी कॉर्ड तयार होते ती त्याच्या हाताला सोयीची होती. दांडीवर त्याच आकारात वर-खाली सरकवताही येत होती. पुढे हा धैवत मिसळलेला किंचित उदास, किंचित खेळकर ध्वनी त्याच्या संगीताची खूणच होऊन बसला. चारही बोटे शाबूत असलेले वादक आज मुद्दाम त्या कॉर्ड तशा धरतात.

उजव्या हाताचे सामर्थ्य आगीने हिरावले नव्हते. नृत्यगृहांतील साथीतून आलेली स्ट्रमिंगची एक पद्धत मनूश वादकांनी पुढे नावारूपाला आणली. तिला फ्रेंच भाषेत पंप या अर्थाच्या शब्दाने ओळखतात. चार मात्रांच्या आवर्तनात पहिली आणि तिसरी मात्रा खालच्या तारांवर भरीव, तर दुसरी आणि चौथी सर्व तारांवर झटक्याने. झटका देताच डाव्या हाताची पकड क्षणभर सैल करायची, म्हणजे ध्वनी तुटतो आणि ताल उमटतो. बोटे तारांवरून उचलायची नाहीत, केवळ दाब काढायचा. तबला किंवा ड्रम नसतानाही लय जराही ढळत नाही, ती या दाबण्या-सोडण्याच्या खेळामुळे. नवशिक्याला हे समजले की स्ट्रमिंग हे एकट्या उजव्या हाताचे काम नाही, हेही समजते.

बरा होऊन तो पुन्हा भटकू लागला. १९३१ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील तुलों येथे एमिल साव्हित्री या चित्रकाराने त्याला लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या आणि जँगोला आपली दिशा गवसली. १९३४ मध्ये पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात चहाच्या वेळी नाचाचे संगीत वाजवताना त्याची आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याची जोडी जमली. विश्रांतीच्या वेळी पडद्यामागे दोघांनी सहज वाजवायला घेतले आणि त्यातून पाच जणांचा संच उभा राहिला, असे सांगतात. ग्रापेलीचे व्हायोलिन, जँगोची गिटार, साथीला जोसेफ आणि रोजे शापू यांच्या दोन गिटारी आणि लुई व्होलाचा डबल बास. ‘क्विंटेट ऑफ द हॉट क्लब ऑफ फ्रान्स’ या नावाने हा संच जगभर गेला. त्यात ना ड्रम होते ना कर्णा. सगळी वाद्ये तारांची. वीज न वापरता मोठा आवाज देणारी, इटालियन कारागीर मारिओ माक्काफेर्री याने आखलेली सेल्मर कंपनीची गिटार या संचाला फार उपयोगी पडली. १९३७ सालची ‘मायनर स्विंग’ ही रचना आजही गिटार शिकणाऱ्यांच्या वहीत असते.

याच दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीसारखे अमेरिकी वादक येऊन जाझ वाजवीत होते आणि गोव्याचे वादक ते ऐकून आत्मसात करीत होते. जगभर जाझचा अर्थ तेव्हा ट्रंपेट आणि सॅक्सोफोन असा होता; गिटार मागे बसून ठेका धरी. तिला पुढच्या खुर्चीवर आणणाऱ्या मोजक्या वादकांत जँगोचे नाव अग्रभागी येते, आणि तेही केवळ दोन बोटांच्या बळावर.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा संच लंडनमध्ये होता. ग्रापेली तेथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. लवकरच फ्रान्स नाझींच्या ताब्यात गेला. नाझी राजवटीने युरोपभर रोमा लोकांची लाखोंच्या संख्येने कत्तल केली, आणि जाझ हे तिच्या लेखी हीन संगीत होते. अशा काळात रोमा असलेला हा जाझवादक पॅरिसच्या रंगमंचावर उजळ माथ्याने वाजवीत होता. त्याच्या श्रोत्यांत जर्मन अधिकारीही असत. १९४० मधील ‘नुआज’, म्हणजे ‘ढग’, ही त्याची रचना परवशतेतील फ्रान्सच्या मनात घर करून बसली. तरीही धोका डोक्यावर होताच. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला निसटण्याचा प्रयत्न केला आणि तो पकडला गेला. सुदैवाने समोरचा जर्मन अधिकारी जाझचा चाहता निघाला आणि त्याने सोडून दिले. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा स्विस पहारेकऱ्यांनी त्याला परत धाडले. कलेने त्याला वाचवले असे म्हणता येईल. परंतु त्याच्या हजारो बांधवांना वाचवणारे कोणी नव्हते, हेही त्यासोबत लक्षात ठेवले पाहिजे.

युद्धानंतर १९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या निमंत्रणावरून तो अमेरिकेला गेला. तेथील कंपन्या आपल्याला गिटार देण्यासाठी रांग लावतील या समजुतीने तो स्वतःचे वाद्य न घेताच निघाला, आणि ऐनवेळी मिळालेल्या विजेच्या गिटारवर त्याला वाजवावे लागले. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील दुसऱ्या कार्यक्रमाला तो फार उशिरा पोहोचला. घड्याळ आणि करार या दोन गोष्टींशी त्याचे कधी जमलेच नाही. पैसा आला तसा जुगारात गेला. आज आलिशान हॉटेल, उद्या पुन्हा गाडीतला संसार.

१९५१ मध्ये तो फाँतेनब्लोजवळच्या सामोआ-सुर-सेन या नदीकाठच्या गावी राहावयास गेला. मासे धरणे, चित्रे काढणे आणि मनात येईल तेव्हा पॅरिसला जाऊन वाजवणे असा क्रम सुरू झाला. १६ मे १९५३ रोजी पॅरिसहून परतताना, स्थानकावरून घराकडे येत असता मेंदूतील रक्तस्रावाने तो कोसळला. वय अवघे त्रेचाळीस.

त्याच्या हाताची कहाणी मात्र तेथे थांबली नाही. १९६५ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात टोनी आयोमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राने तुटली. तो डावखुरा, तारा दाबण्याचा हात तोच. त्याने गिटार सोडायचे ठरवले होते. कारखान्यातील वरिष्ठाने त्याला एक ध्वनिमुद्रिका ऐकवली आणि ऐकून झाल्यावर सांगितले की हा वादक दोनच बोटांनी वाजवतो. ती जँगोची होती. आयोमीने बोटांना टोपणे बसवली, सैल तारा लावल्या, पुन्हा प्राथमिक कॉर्डपासून आरंभ केला आणि पुढे ‘ब्लॅक सॅबाथ’ या संचाद्वारे रॉक संगीताची एक नवी शाखाच उभी केली.

सामोआ गावात १९६८ पासून जँगोच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. देशोदेशीचे गिटारवादक तेथे जमू लागले आणि नदीकाठच्या झाडांखाली, गाड्यांच्या दारात बसून एकमेकांच्या बोटांकडे टक लावून पाहत शिकू लागले. जँगो पॅरिसच्या वेशीवर ज्या रीतीने शिकला, ती रीत हीच होती.