शांतिसैनिक विनोबा

आठवड्याच्या बाजारात असा प्रसंग तुम्ही नक्कीच पाहिला असेल. दोन माणसे भांडू लागतात. आधी शब्दाला शब्द लागतो, मग एकजण दुसऱ्याची गचांडी धरतो. बघता बघता त्यांच्याभोवती माणसांचे कडे तयार होते. कोणी हसतो, कोणी आणखी चिथावतो, बाकीचे नुसते बघत राहतात. त्या कड्यात तुम्हीही हातात पिशवी घेऊन उभे असता. अशा वेळी काय करावे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. शाळेच्या वेळापत्रकात गणिताचा तास आहे, भाषेचा आहे. पण भांडणाच्या मध्ये कसे उभे राहावे याचा तास नाही.

असा तास साऱ्या देशासाठी सुरू करू पाहणाऱ्या एका माणसाची ही ओळख आहे. त्यांचे नाव आचार्य विनोबा भावे. भूदान चळवळीमुळे त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी शांतिसेना उभी केली, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. त्यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कोकणातील गागोदे या गावी झाला. आपल्या भोरहून वरंध घाट उतरून महाडला गेलो की जो रायगड जिल्हा लागतो, त्याच जिल्ह्यातील पेण तालुक्यात हे गाव आहे. आईचे नाव रुक्मिणी. ती फारशी शिकलेली नव्हती, पण तिची समज मोठी होती. शेजारीण परगावी गेली की तिच्या घरचा स्वयंपाक विनोबांची आई करून देत असे. आधी ती आपल्या घरचा स्वयंपाक उरकायची आणि मग शेजारच्या घरी जायची. लहानग्या विनायकाला वाटले की आई आधी आपले पाहते, म्हणजे ती स्वार्थी आहे. आईने त्याला समजावले की शेजाऱ्यांना गरम जेवण मिळावे म्हणून ती त्यांचे नंतर करते. विनोबांना ही गोष्ट जन्मभर आठवत राहिली.

त्यांचे शिक्षण बडोद्याला झाले. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईला निघाले, पण वाटेत सुरतेला गाडीतून उतरले आणि थेट काशीला गेले. तेथून गांधीजींशी पत्रव्यवहार करून 7 जून 1916 रोजी ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोहोचले. त्या वेळी गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी विनोबांच्याही हातात सुरी दिली. त्या दिवसापासून हा तरुण गांधीजींचा झाला.

पुढच्याच वर्षी एक वर्षाची रजा घेऊन विनोबा वाईला आले. भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई लागते, हे तुम्हाला माहीत आहेच. तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला. वाईत त्यांनी विद्यार्थी मंडळ काढले. वाचनालयाला पैसे हवे होते. देणगी मागण्याऐवजी ही मुले लोकांचे धान्य जात्यावर दळून देत आणि आलेल्या पैशांतून पुस्तके घेत. अभ्यास झाल्यावर विनोबा पायी फिरायला निघाले. पुणे, सातारा, नगर, सोलापूर अशा जिल्ह्यांतून ते सुमारे 400 मैल चालले. राजगड, तोरणा आणि सिंहगड हे किल्ले त्यांनी याच फिरतीत पाहिले. राजगड आणि तोरणा म्हणजे आपल्या वेल्हे भागातील किल्ले! ज्या डोंगरवाटांनी आपण सहलीला जातो, त्या भागातून हा बावीस वर्षांचा तरुण चालत गेला होता. वाटेत तो लोकांना गीता समजावून सांगे. रजा संपताच, बरोबर एका वर्षाने, विनोबा आश्रमात हजर झाले.

1921 साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याच्या आश्रमात पाठवले. स्वातंत्र्याच्या लढ्यात ते अनेकदा तुरुंगात गेले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. 1940 साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली. विनोबांना भाषांची फार आवड होती. मूळ अरबीतून कुरआन वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. नुसता अनुवाद वाचूनही त्यांचे काम भागले असते. पण शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे त्याच्याच शब्दांत समजून घ्यावे, असे त्यांना वाटत असे. कुरआनातील आयतींचे त्यांनी केलेले संकलन 1962 साली प्रसिद्ध झाले.

आता मुख्य विषयाकडे येऊ. त्याआधी एक शब्द समजून घ्या. उर्दूत ‘दंगल’ म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कुस्तीचा आखाडा येतो. मराठीत मात्र दंगल म्हणजे फसाद. कुस्तीला नियम असतात, पंच असतो. दंगलीत यातले काहीच नसते.

अशा दंगलींत मध्ये उभी राहणारी माणसे आपल्या देशात होऊन गेली आहेत. मार्च 1931 मध्ये कानपूरला दंगल उसळली. तेव्हा गणेश शंकर विद्यार्थी हे संपादक दोन्ही बाजूंच्या लोकांना वाचवत फिरत होते आणि त्यातच त्यांचा खून झाला. 1 जुलै 1946 रोजी अहमदाबादेत वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोन मित्र जमाव थोपवायला गेले आणि दोघेही मारले गेले. वसंतराव मराठी घरातील होते. अहमदाबादेत आजही या दोघांची नावे एकत्रच घेतली जातात.

गांधीजींना वाटे की अशी माणसे एकेकटी मरण्यापेक्षा त्यांची आधीपासून तयारी करून घ्यावी. 1938 साली त्यांनी शांतिसेनेची कल्पना लिहून मांडली. शांतिसैनिकाने सर्व धर्मांचा आदर करावा आणि वस्तीतील लोकांशी आधीपासून ओळख ठेवावी, आग लागण्याची वाट पाहत बसू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पण 30 जानेवारी 1948 रोजी त्यांची हत्या झाली आणि ते काम तसेच राहिले.

गांधीजींच्या नंतर विनोबा आश्रमातून बाहेर पडले. फाळणीच्या दंगलीत दिल्ली, अलवर, भरतपूर या भागांतील हजारो मेव मुसलमान उघड्यावर पडले होते. पंडित नेहरूंच्या विनंतीवरून 1948 साली विनोबांनी त्यांच्या पुनर्वसनाचे काम केले. त्यानंतर एप्रिल 1951 मध्ये ते तेलंगणात गेले. तेथे जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्यात रक्तपात चालू होता. 18 एप्रिलला पोचमपल्ली गावात भूमिहीन दलितांच्या 40 कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली. विनोबांनी तो प्रश्न जमलेल्या गावकऱ्यांपुढेच ठेवला. तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि त्यांनी 100 एकर देऊ केले. मला वाटते, विनोबांची पद्धत येथे नीट दिसते. जे नुसते बघत उभे होते, त्यांनाच त्यांनी उत्तर विचारले. पुढे तेरा वर्षे ते जमीन मागत देशभर चालले. दानात मिळालेल्या जमिनीतील बरीच नापीक निघाली आणि बरीच वाटलीही गेली नाही, हेही खरे आहे.

1953 च्या सप्टेंबरात त्या वेळच्या बिहारमधील देवघर येथे विनोबांनी स्वतः मार खाल्ला. दलित बांधवांना बरोबर घेऊन ते वैद्यनाथाच्या मंदिरात निघाले होते. पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. सोबतच्या लोकांनी विनोबांभोवती कडे केले आणि बहुतेक फटके स्वतःच्या अंगावर घेतले. बाजारातले ते कडे आठवते ना? हेही माणसांचेच कडे होते! तरी एक फटका विनोबांच्या कानावर बसला आणि त्या कानाने त्यांना ऐकू येईनासे झाले. मारणाऱ्यांना शिक्षा करू नये, असे त्यांनी सांगितले. थोड्याच दिवसांत ते मंदिर दलितांसाठी उघडले गेले.

1957 साली केरळमध्ये असताना त्यांनी शांतिसेनेची सुरुवात केली. केरळचे मोठे नेते के. केळप्पन यांनी त्यासाठी आपल्या पक्षाचा राजीनामा दिला. (उर्दूत राजीनामा म्हणजे समझोता. मराठीत मात्र राजीनामा म्हणजे पद किंवा सभासदत्व सोडल्याचे पत्र. परीक्षेत गोंधळ करू नका!) केळप्पन यांना पक्ष का सोडावा लागला? कारण शांतिसैनिक दोन्ही बाजूंना आपला वाटला पाहिजे. निवडणुकीत जो एका बाजूने घोषणा देतो, त्याचे म्हणणे भांडणात दुसरी बाजू कशी ऐकेल?

विनोबांचा हिशेब साधा होता. दर 5000 लोकांमागे एक शांतिसैनिक हवा. त्या काळच्या लोकसंख्येला असे 70,000 सैनिक लागणार होते. त्यांनी खायचे काय? त्यासाठी विनोबांनी सर्वोदय-पात्राची कल्पना काढली. घरात एक भांडे ठेवायचे आणि त्यात रोज मूठभर धान्य टाकायचे. ही मूठ घरातल्या लहान मुलाची असावी, असा त्यांचा आग्रह होता. मोठ्या माणसाची मूठ मोठी असते, धान्य अधिक मिळाले असते. पण ज्या मुलाने शांतीसाठी रोज मूठभर धान्य दिले, ते मोठेपणी दगड उचलायला सहसा जाणार नाही, असा त्यामागे विचार होता.

शांतिसैनिकाचे बहुतेक काम शांततेच्या दिवसांतच असे. वस्तीत फिरायचे, आजाऱ्याची विचारपूस करायची, रस्ता झाडायचा, कोणाचे कोणाशी बिनसले आहे ते ध्यानात ठेवायचे. सैनिकांसाठी शिबिरे भरत आणि त्यांत प्रथमोपचार शिकवत. गर्दी कशी आवरावी, चिडलेल्या माणसाशी कसे बोलावे, याचाही सराव होई. पांढरे कपडे आणि केशरी रुमाल ही त्यांची खूण होती. दंगलीत सर्वांत मोठे काम अफवेशी लढण्याचे असे. अफवा हा शब्द तुमचाच आहे, तो मराठीने उर्दूप्रमाणेच अरबीतून घेतला आहे. अमुक मोहल्ल्यात अमुक जणांना मारले, अशी बातमी आली की शांतिसैनिकाने विचारायचे : हे कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले का? मग त्या मोहल्ल्यात जाऊन डोळ्यांनी पाहायचे आणि परत येऊन खरे ते सांगायचे. हे काम सोपे वाटते. पण सारे रस्ते सुनसान असताना त्या मोहल्ल्यापर्यंत चालत जाणे काय असते, याचा विचार करून पाहा.

विनोबा आपल्या वागण्यातूनही तेच शिकवत होते. केरळमध्ये गुरुवायूरच्या मंदिरात ख्रिस्ती सोबत्यांना प्रवेश मिळेना, तेव्हा ते दारातूनच परत फिरले. 1958 साली पंढरपुरात मात्र वेगवेगळ्या धर्मांच्या सोबत्यांसह त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. पुढच्या वर्षी अजमेरला ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात सर्व धर्मांच्या स्त्रीपुरुषांसह त्यांनी प्रार्थना केली. मे 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात 20 डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. विनोबांनी त्यांना माफीचे वचन दिले नव्हते. केलेल्या गुन्ह्यांची शिक्षा त्यांनी भोगावी, हेच त्यांचे सांगणे होते. भाषेवरून दंगली झाल्यावर ते आसामात गेले, आणि सप्टेंबर 1962 मध्ये त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातूनही सोळा दिवस पायी चालले.

शांतिसेनेची पुढची धुरा जयप्रकाश नारायण आणि नारायण देसाई यांनी सांभाळली. 1969 मध्ये अहमदाबादेत भयंकर दंगल झाली. शांतिसैनिक तेथे जाऊन राहिले, दोन्ही समाजांच्या वस्त्यांत फिरले आणि पळून गेलेल्यांना परत आपल्या घरी यायला त्यांनी मदत केली. पण 70,000 चा आकडा कधीच गाठला गेला नाही. सैनिकांची संख्या काही हजारांच्या पुढे गेली नाही. 1974 नंतर जयप्रकाशांच्या आंदोलनावरून सर्वोदय कार्यकर्त्यांत दोन तट पडले आणि शांतिसेना मोडकळीस आली. 1975 च्या आणीबाणीला विनोबांनी उघड विरोध केला नाही, याबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली. इतरांची भांडणे मिटवण्याचे शिक्षण देणाऱ्यांना स्वतःमधली फूट मिटवता आली नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

नोव्हेंबर 1982 मध्ये विनोबा पवनारच्या आश्रमात आजारी पडले. आता जाण्याची वेळ आली असे मानून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. 15 नोव्हेंबर 1982 रोजी, दिवाळीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

त्यानंतर काही वर्षांनी याच कामाचा आणखी एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला. भिवंडीत 1970 आणि 1984 साली मोठ्या दंगली झाल्या होत्या. 1988 मध्ये तेथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. हे विनोबांच्या संघटनेतले नव्हते, पोलीस खात्यातले होते. पण ओळख आधी करून ठेवावी, हा विचार तोच होता. एकेका वस्तीतले हिंदू आणि मुसलमान, यंत्रमागावर काम करणारे, दुकानदार, रिक्षावाले असे साधे लोक नेमाने एकत्र बसत आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा हवालदारही बसे. पाण्याच्या नळापासून मुलांच्या भांडणापर्यंत तेथे सगळ्याच गोष्टी निघत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये जवळची मुंबई पेटलेली असताना भिवंडीत दंगल झाली नाही.