नारायण वामन टिळक : उपकारस्तुतीचा कवी

परमेश्वराने केलेल्या कृपेबद्दल त्याचे आभार मानणे या अर्थी मराठी बायबलाने उपकारस्तुती हा शब्द रूढ केला. ख्रिस्ती मंडळीबाहेरील मराठी वाचकास तो आजही काहीसा अनोळखी वाटतो. व्यवहारातील मराठीत उपकार ही फेडावयाची गोष्ट असते. माणूस उपकाराखाली दबतो, उपकार अंगावर ठेवीत नाही आणि कोणी ते बोलून दाखविले तर दुखावतो. अशा या शब्दाला स्तुती जोडून एक नवा भाव मराठीत आणण्याचा प्रयत्न झाला खरा. परंतु समास सिद्ध झाला म्हणजे भाव रुजला असे होत नाही. न फिटणारे ऋण आनंदाने मिरविता येते, ही गोष्ट मराठी भाषेच्या स्वभावात पूर्वी संतांनी आणली होती. तुकोबांच्या अभंगांत संतांचे उपकार हे ओझे राहत नाहीत, ते गाण्याचा विषय होतात. ख्रिस्ती प्रार्थनेला हा सूर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाला, आणि तो मुख्यतः रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यामुळे मिळाला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करड्या शिस्तीचे होते. आई जानकीबाई भाविक आणि मृदू. भक्तीचे आणि कवितेचे पहिले संस्कार आईकडून झाले. ती लवकरच गेली, आणि त्यानंतर या मुलाच्या पायांना जी भिंगरी लागली ती आयुष्यभर थांबली नाही. नाशिकास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, वक्तृत्व कमावले, पुढे कीर्तने केली, पुराणे सांगितली, शिक्षकाची कामे धरली आणि सोडली. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. लक्ष्मीबाई टिळक म्हणून तिचे नाव पुढे मराठी गद्यात अजरामर झाले. विवाहसमयी मात्र तिला अक्षरओळखही नव्हती.

या काळातील टिळकांची धर्मजिज्ञासा हा त्यांच्या अस्वस्थतेचाच एक भाग होता. प्रचलित मूर्तिपूजा आणि जातिभेद त्यांना पटेनासे झाले होते, सुधारकांचा कोरडा बुद्धिवादही पुरेसा वाटत नव्हता. देशाला एका नव्या धर्माची आवश्यकता आहे आणि त्याची तत्त्वे आपण मांडावीत, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम काही काळ चालले, आणि तेथूनच १८९३ मध्ये ते राजनांदगावला निघाले. या प्रवासात आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी त्यांच्यासमोर बसले होते. संभाषण संस्कृत काव्यापासून सुरू झाले. उतरताना वॉर्ड यांनी नव्या कराराची प्रत हाती दिली, अभ्यास करण्यास सांगितले आणि दोन वर्षांच्या आत टिळक ख्रिस्ती होतील असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही.

ग्रंथ वाचावयाचा तर पद्धतशीर, असे ठरवून त्यांनी आरंभ केला. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, ते अडकले. नव्या धर्माची म्हणून जी तत्त्वे शोधावयाची होती ती येथे आधीच सांगितलेली होती. या प्रवचनाचा गाभा प्रार्थनेचा आहे हे येथे लक्षात घेतले पाहिजे. दार लावून एकांतात प्रार्थना करावी, शब्दांचा पसारा मांडू नये, देवाला पिता म्हणून हाक मारावी, हे त्यात सांगितले आहे, आणि ख्रिस्ती जगात सर्वत्र म्हटली जाणारी प्रभूची प्रार्थनाही त्यातच आहे. या प्रार्थनेत आभाराचा एकही शब्द नाही. तीत नामाचे पावित्र्य आहे, राज्याची आस आहे, रोजची भाकर आणि क्षमा आहे. उपकारस्तुतीची जागा मोकळी आहे. ती पुढे पौलाच्या पत्रांनी भरून काढली. सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करण्याची आज्ञा तेथे येते, आणि सर्व परिस्थितीत या शब्दांचा अर्थ टिळकांना लवकरच कळावयाचा होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वॉर्ड यांनी सांगितलेली मुदत संपण्यापूर्वी हे घडले. बाप्तिस्मा देशी ख्रिस्ती पाळकाच्या हातूनच घ्यावयाचा, परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो विधी रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी केला. त्यांच्या पुढील सगळ्या वाङ्मयाची दिशा या एका हट्टात सूचित झाली आहे.

परंतु या घटनेचे मोल ज्यांनी दिले त्यांत टिळक एकटे नव्हते. पतीने धर्म सोडल्याची वार्ता लक्ष्मीबाईंवर कोसळली तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. नातेवाईकांच्या आधाराने, पंढरपूर आदी ठिकाणी, लहान मुलासह त्यांनी सुमारे साडेचार वर्षे काढली. टिळक पत्रे लिहीत, कविता पाठवीत. पण ज्या देवाचे ते आभार मानीत होते त्यानेच आपला संसार मोडला असे त्यांच्या पत्नीस वाटत असेल, तर तो तिचा दोष म्हणता येणार नाही. उपकारस्तुती करणाऱ्याचा त्याग पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावरून वाहिला जातो. चरित्रकारांनी धर्मांतराचा अध्याय गौरवाने लिहिला आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला मात्र त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या प्रथम आपला सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा ठेवूनच. त्यांचे मन टिळकांच्या युक्तिवादाने पालटले नाही. जातीची उच्चनीचता देवाने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि स्वतःच सोडविला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

नगर म्हणजे तत्कालीन अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचे हे मोठे केंद्र, आणि डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखा उदार मनाचा मिशनरी तेथे होता. टिळक तेथे शिकवू लागले, उपदेश करू लागले. पैसा त्यांच्या हातात राहत नसे. घरात येईल तो पाहुणा, दिसेल तो निराधार त्यांचा. त्यांचा राग भडकणारा आणि तितक्याच वेगाने विझणारा होता. अशा माणसाची प्रार्थना संथ, घोटीव असणे शक्य नव्हते.

नगरच्या मंडळीत मराठी उपासनागीते नव्हती असे नाही. कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी तेथे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा टिळकांच्या आधीच सुरू केली होती. तरीही मंडळीत म्हटली जाणारी अनेक गीते इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरे होती. इंग्रजी चालीतील आघात आणि मराठीतील ऱ्हस्वदीर्घ यांचे जुळत नाही. गाताना शब्द ओढले जातात आणि अर्थ निसटतो. अडचण केवळ संगीताची नव्हती. प्रार्थना करणारा माणूस ज्या भाषेत रडतो, रुसतो, लाडात येतो, ती भाषा या गीतांत नव्हती. टिळकांनी तिच्यासाठी अभंगाकडे, भजनाकडे, ओवीकडे पाहिले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो अशी त्यांची धारणा होती. तिला केवळ रूपक समजू नये. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले, माउली म्हटले. विठाई आणि ज्ञानेश्वर माउली यांच्यावर वाढलेल्या कानाला ही हाक समजावून सांगावी लागत नाही. पाश्चात्त्य धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र तिच्यावर थबकावे लागते.

हिंदू भक्तीचे रूप घेतले की आशयही मागील दाराने आत येईल, ही भीती मंडळीतील काहींना वाटे, आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. अभंग हा रिकामा साचा नव्हे. त्यात देवाशी भांडण्याची, त्याला ऋणी ठरविण्याची, त्याच्या भेटीवाचून तळमळण्याची सवय मुरलेली आहे. टिळकांनी ती सवय टाकली नाही, तिच्यात एक भर घातली. त्यांच्या अखेरच्या पर्वातील ‘अभंगांजली’मध्ये मागणे उत्तरोत्तर कमी होत जाते, ख्रिस्ताचा सहवास हेच देणे आणि हेच मागणे होऊन बसते, आणि उरलेली जागा उपकारस्तुती व्यापते.

इतर भारतीय भाषांकडे पाहिल्यास या वाटचालीला सोबती आढळतात. तमिळमध्ये एच. ए. कृष्ण पिळ्ळै (१८२७–१९००) हेही वैष्णव संस्कारांतून आलेले. त्यांनी ‘इरट्चणिय यात्तिरिकम्’ हे महाकाव्य बनियनच्या कथेवरून रचले. मराठीतच फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात छापले गेले होते. त्याच्या सुमारे ११ हजार ओव्या आहेत. परंतु ते रोमन लिपीत छापलेले, आणि ख्रिस्ती मराठीच्या मुख्य प्रवाहापासून दीर्घकाळ दूर राहिलेले. सलढाणा यांची आवृत्ती १९०७ मध्ये मंगळुरास निघाली. स्टीफन्स पुराण सांगतात, आणि टिळक भजन करतात. पहिल्यात श्रोता समोर आहे, दुसऱ्यात देव.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ साली नगरला निघालेल्या या पत्रात त्यांनी पुष्कळ लिहिले. त्यातील बरेचसे प्रासंगिक होते. याच वर्षांच्या मागेपुढे त्यांची निसर्गकविता आणि बालकविता महाराष्ट्रभर गाजली. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी राहिले. फुलांमुलांचे कवी हे बिरुद टिळकांना लागले ते कायमचे, आणि त्याने एक विपर्यासही केला. पाठ्यपुस्तकांनी आणि काव्यसंग्रहांनी फुले, पाखरे, मुले घेतली; मंडळीने भजने घेतली. एकाच कवीचे दोन वाटे झाले. वस्तुतः रानातल्या अनोळखी फुलापुढे थांबणे आणि ख्रिस्तापुढे थांबणे ही टिळकांच्या लेखी एकच क्रिया होती. जे मिळाले ते न कमावता मिळाले, या जाणिवेतून दोन्ही येतात. त्यांची निसर्गकविता वर्णन म्हणून वाचली तर पुष्कळदा पातळ वाटते, आणि प्रार्थनेचे निमित्त म्हणून वाचली तर तिचे वजन जाणवते. भजने मंडळीच्या भिंतीआड राहिल्यामुळे ही तुलना फारशी झालीच नाही.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली. ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून राहण्याचे ठरवून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत अशी कल्पना होती. पंथ, मिशन, पगार यांच्या पलीकडचा हा भक्तांचा मेळा वारकऱ्यांच्या दिंडीशी नाते सांगतो. दरबार फार काळ टिकला नाही, कारण टिळकच टिकले नाहीत. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्तसेवा संघ स्थापन केला. भारतीय रीतीने प्रार्थनामय सामूहिक जीवन जगण्याच्या त्या प्रयोगामागे टिळकांचा आदर्श होता.

‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी आरंभिले होते, त्याचे पहिले थोडे अध्यायच ते लिहू शकले. पुढचे काम लक्ष्मीबाईंनी उचलले. लग्नानंतर पतीकडून अक्षरे गिरविलेल्या आणि पतीच्या धर्मांतराने एके काळी उद्ध्वस्त झालेल्या या बाईने ख्रिस्ती कीर्तने करीत, ‘स्मृतिचित्रे’ लिहीत लिहीत, ओवीमागून ओवी रचून ग्रंथाचा फार मोठा भाग सिद्ध केला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर, १९३८ साली, छापून प्रसिद्ध झाले.