राजचित्रकार व्हेलास्केझ

हाताने काम करणाऱ्यास प्रतिष्ठा द्यावी की नाही, हा वाद केवळ आपल्याच समाजात आहे असे नाही. तीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी स्पेन देशात तो थेट राजसिंहासनापर्यंत गेला होता. ज्याच्यामुळे गेला, त्या थोर चित्रकाराचे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दिएगो व्हेलास्केझ याचा जन्म १५९९ साली सेव्हिल शहरी झाला. बालवयातच तो पाचेको नामक चित्रकाराकडे उमेदवारीस राहिला. गुरूने शिष्याचे गुण व शील पारखून १६१८ साली आपली कन्या त्यास दिली. १६२३ साली माद्रिद येथे राजा चौथा फिलिप याचे चित्र काढण्याचा योग आला. राजा अठरा वर्षांचा, चित्रकार चोवीस वर्षांचा! चित्र पसंत पडून दरमहा २० डुकाट वेतनावर त्याची राजचित्रकार म्हणून नेमणूक झाली.

राजाचे चित्र म्हणजे राज्याची मुद्राच. तथापि व्हेलास्केझने मुकुट व जडजवाहीर यांचा आधार क्वचितच घेतला. साधा काळा पोशाख व शांत मुद्रा एवढ्यातच तो राजेपण दाखवी. १६४४ साली स्वारीवर असता फ्रागा गावी त्यास पडके बिऱ्हाड मिळाले. तेथे उजेडासाठी भिंतीत खिडकी पाडावी लागली. राजा तीन वेळा येऊन बसला आणि चित्र तयार होताच राणीकडे रवाना झाले. पुढे आपले वार्धक्य चित्रात पाहणे राजास नकोसे झाले; परंतु चित्रकाराने थकलेला चेहरा थकलेलाच दाखविला.

अखेरीस राजाने त्यास सांतियागो या सरदारांच्या मंडळात घेण्याचे ठरविले. मंडळाचा नियम असा की, उमेदवार कुलीन असावा व त्याने हस्तव्यवसायावर पोट भरलेले नसावे. १४८ साक्षीदार तपासले गेले. त्याने पैशासाठी कधी चित्र काढले नाही, असे स्नेह्यांनी सांगितले! तरीही कुलीनतेचा पुरावा अपुरा ठरला. तेव्हा राजाने पोपची अनुज्ञा आणविली व २८ नोव्हेंबर १६५९ रोजी त्यास तो मान मिळाला. पुढे नऊ महिन्यांच्या आतच, ६ ऑगस्ट १६६० रोजी तो निवर्तला. आठ दिवसांत पत्नीही त्याच्यामागून गेली.

ज्या हाताने कीर्ती मिळविली, त्या हाताची कमाई लपवावी लागावी, याचे आम्हांस वाईट वाटते. ‘लास मेनिनास’ या १६५६ च्या चित्रात तो स्वतः कुंचला घेऊन उभा आहे. छातीवरचा सांतियागोचा तांबडा क्रूस मात्र मागाहून रंगविलेला आहे. कुंचला आधीचा, क्रूस नंतरचा. ज्या घरी मुलगा हस्तकौशल्यात रमतो, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हा क्रम ध्यानी ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.