विश्लेषण : ३०० वर्षांपूर्वीची यंत्रणा आजही पियानोत का? कोण होते बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी?

एका इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये आज शेकडो वाद्यांचे आवाज मिळतात. तरीही महागडा डिजिटल पियानो विकताना कंपन्या एकाच गोष्टीवर भर देतात : पट्टी दाबताना बोटाला खऱ्या पियानोसारखे वजन जाणवते. खऱ्या पियानोत हे वजन पट्टीमागच्या हातोडीच्या यंत्रणेचे असते. ती पहिल्यांदा यशस्वीपणे बसवली इटलीच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी. वाद्य जगभर पोहोचले, त्याचा कर्ता मात्र दीर्घकाळ विस्मरणात राहिला.

क्रिस्तोफोरी फ्लॉरेन्सला कसे आले?

क्रिस्तोफोरी यांचा जन्म ४ मे १६५५ रोजी पादुआ येथे झाला. १६८८ मध्ये टस्कनीचे युवराज फेर्दिनांदो दे मेदिची यांनी त्यांना फ्लॉरेन्सच्या दरबारात नोकरी दिली. युवराज स्वतः उत्तम वादक आणि वाद्यांचे संग्राहक होते. क्रिस्तोफोरी सुरुवातीला यायला राजी नव्हते, पण युवराजांनी त्यांना राजी केले. पगार महिना १२ स्कुदी आणि राहायला घर. दरबारातील वाद्ये सुरात लावणे, दुरुस्त करणे आणि नवी घडवणे हे त्यांचे काम. सुरुवातीला त्यांना सुमारे शंभर कारागिरांच्या एकत्र कारखान्यात बसावे लागे. ज्याचे सगळे काम कानावर, त्याला तिथल्या गोंगाटाचा त्रास होत असे.

आधीच्या वाद्यांत काय उणीव होती?

त्या काळचे प्रमुख पट्ट्यांचे वाद्य म्हणजे हार्पसिकॉर्ड. त्यात पट्टी दाबली की पिसाच्या देठाचा छोटा तुकडा तार छेडतो, सतारीवर मिझराब छेडते तसा. पट्टी हळू दाबा किंवा जोरात, आवाज जवळपास तेवढाच. आपल्या पेटीतही पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही, तो भात्यावर ठरतो. क्लॅव्हिकॉर्ड नावाच्या दुसऱ्या वाद्यात बोटाचा जोर उमटे, पण त्याचा आवाज इतका नाजूक की खोलीबाहेर ऐकू येणे कठीण. गायक किंवा व्हायोलिनवादक सूर हवा तसा फुलवू शकत होता. पट्ट्या वाजवणाऱ्याला ती मुभा नव्हती.

शोध नेमका कोणता?

तार छेडण्याऐवजी तिच्यावर आघात करायचा, ही कल्पना नवी नव्हती. संतूरही तसेच वाजते. अडचण वेगळीच होती. पट्टी दाबलेली असताना हातोडी तारेला चिकटून राहिली, तर आवाज तिथेच दबतो. क्रिस्तोफोरी यांनी यावर उपाय शोधला. पट्टी एका टेकूने हातोडी उचलते, पण तारेपर्यंत पोहोचण्याआधीच टेकू निसटतो. उरलेले अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने कापते, तारेवर आदळते आणि मागे पडते. मधल्या तरफेमुळे बोटाचा वेग हातोडीपर्यंत वाढून पोहोचतो. बोट उचलले की दुसरा एक तुकडा तारेवर बसून आवाज थांबवतो. थोडक्यात, आवाज किती मोठा निघणार हे आता बोट ठरवू लागले.

१७०० च्या दरबारी वाद्यसूचीत या वाद्याची नोंद मंद आणि मोठा आवाज काढणारे म्हणून आहे. इटालियनमध्ये मंद म्हणजे पियानो, मोठा म्हणजे फोर्ते. पुढे पहिला शब्दच वाद्याचे नाव झाला.

मग विस्मरण का?

१७११ मध्ये शिपिओने माफेई यांनी या वाद्यावर आकृतीसह लेख लिहिला. पण हार्पसिकॉर्डच्या लखलखीत आवाजाला सरावलेल्या अनेकांना नवा आवाज दबका वाटला. १७१३ मध्ये युवराजांचे निधन झाले. क्रिस्तोफोरी दरबारातच राहिले. १७१६ मध्ये त्यांच्याकडे वाद्यसंग्रहाची जबाबदारी आली आणि यंत्रणेत सुधारणाही सुरू राहिल्या. १७२५ मध्ये माफेईंच्या लेखाचा जर्मन अनुवाद आला आणि गॉटफ्रिड झिल्बरमान यांनी तशाच रचनेचे पियानो घडवले. जर्मनीत मग शोधाचे श्रेय बराच काळ इतरांनाच मिळत राहिले.

अखेरच्या मृत्युपत्रात क्रिस्तोफोरी यांनी बहुतेक मालमत्ता आजारपणात त्यांची सेवा करणाऱ्यांच्या नावे केली. १७३१ मध्ये त्यांचे निधन झाले. केवळ पियानोसाठी लिहिलेल्या पहिल्या रचना, लोदोविको जुस्तिनी यांचे १२ सोनाटा, १७३२ मध्ये फ्लॉरेन्सलाच प्रसिद्ध झाल्या. त्या पाहायला ते हयात नव्हते.

आज काय उरले आहे?

त्यांचे तीन पियानो शिल्लक आहेत : न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १७२० चा, रोममध्ये १७२२ चा आणि लाइपझिगमध्ये १७२६ चा. न्यूयॉर्कमधल्या पियानोला ५४ पट्ट्या आहेत, आजच्या पियानोला ८८. नंतर लोखंडी चौकट आली, तारा जाड झाल्या. निसटणाऱ्या हातोडीचे तत्त्व मात्र तेच राहिले.

डिजिटल पियानोत सेन्सर पट्टीचा वेग मोजतो आणि त्यानुसार आवाज स्पीकरमधून येतो. खऱ्या पियानोत पेडल दाबले की न वाजवलेल्या ताराही सतारीच्या तरफांसारख्या झंकारतात आणि लाकडी फळी तो कंप सभागृहभर पसरवते. शिवाय पियानोवादक सहसा आपले वाद्य सोबत नेत नाही. सभागृहातला पियानो जसा असेल, तसे त्याच्याशी जुळवून घेतो. म्हणून प्रत्येक मैफल थोडी वेगळी होते आणि श्रोते आजही तिकीट काढून ती ऐकायला जातात.

२०१५ मध्ये क्रिस्तोफोरी यांच्या ३६० व्या जयंतीला गुगलने त्यांच्यावर डूडल केले. त्यात ते पियानो वाजवताना दिसत होते आणि आवाज कमी-जास्त करता येत होता. अर्थात तो पडद्यावरची कळ सरकवून, बोटाच्या जोराने नव्हे.