ओबैद सिद्दीकी

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारे चिलट हाताने उडवून लावायचे, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. परंतु या क्षुद्र वाटणाऱ्या कीटकालाही मेंदू असतो. तो वास ओळखतो, चव पारखतो आणि संकट दिसताच उडून जातो. चिलटाच्या मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप कसे पोहोचवतात, हे समजून घेण्यासाठी ज्या भारतीय शास्त्रज्ञाने आयुष्यातील अनेक वर्षे वेचली, त्यांचे नाव ओबैद सिद्दीकी.

सिद्दीकी यांचा जन्म ७ जानेवारी १९३२ रोजी उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. त्यांचे शिक्षण अलिगढ मुस्लिम विद्यापीठात झाले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि तरुणांच्या मनात नव्या समाजाची स्वप्ने होती. सिद्दीकी डाव्या विचारांच्या विद्यार्थी चळवळीकडे ओढले गेले आणि त्यापायी त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी शिक्षण पूर्ण केले. अन्याय्य वाटणारी गोष्ट निमूटपणे न स्वीकारण्याचा त्यांचा स्वभाव पुढे संशोधनातही त्यांच्या उपयोगी पडला.

यानंतर ते दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेत आले. ही संस्था मूळची बिहारमधील पुसा या गावची. १९३४ च्या भूकंपात तिच्या इमारतींची मोठी हानी झाल्यामुळे ती १९३६ मध्ये दिल्लीला हलवण्यात आली. तरीही लोक तिला ‘पुसा’ याच नावाने ओळखतात. येथे सिद्दीकी गव्हावर संशोधन करीत होते. एके दिवशी गारपीट झाली आणि प्रयोगासाठी वाढवलेले उभे पीक जमीनदोस्त झाले. शेतकऱ्याचा हंगाम बुडावा, तसा या तरुण संशोधकाचाही हंगाम बुडाला. गव्हाचे नवे पीक हाती यायचे, तर पुन्हा वर्षभर थांबणे भाग होते. अशा वेळी निराश होऊन संशोधन सोडून देणे सोपे होते. सिद्दीकी यांनी मात्र ज्यांच्या पिढ्या थोड्याच दिवसांत तयार होतात, अशा सूक्ष्म जीवांकडे वळण्याचे ठरवले.

त्यासाठी ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात गेले. तेथे ग्विदो पोंतेकोर्वो या नामवंत अनुवंशशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी बुरशीच्या जनुकांवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अ‍ॅलन गॅरेन यांच्यासह त्यांनी जीवाणूंवर काम केले. जनुकातील माहितीनुसार पेशी प्रथिने तयार करते. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम असतो, त्याप्रमाणे प्रथिनाची साखळी कोठे थांबवायची, याच्याही खुणा जनुकात असतात. ही खूण चुकून मधेच आली, तर प्रथिन अर्धवट राहते. अशा खुणांचा उलगडा होण्यास गॅरेन आणि सिद्दीकी यांच्या १९६२ मधील संशोधनाची मोठी मदत झाली.

परदेशात उत्तम प्रयोगशाळा, थोर सहकारी आणि कीर्तीची वाट, हे सारे त्यांच्यासमोर होते. त्याच सुमारास सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी डॉ. होमी भाभा यांच्याकडे सिद्दीकी यांची शिफारस केली. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था ही मुख्यतः भौतिकशास्त्र आणि गणित यांची संस्था होती. तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करण्यासाठी भाभांनी सिद्दीकी यांना १९६२ मध्ये आमंत्रण दिले. तीस वर्षांच्या या तरुणाने ते स्वीकारले आणि तो मायदेशी परतला. भारतात तेव्हा ही शाखा जवळजवळ नवीच होती. उपकरणे जमवण्यापासून विद्यार्थी घडवण्यापर्यंत सर्व कामांचा पाया त्यांना घालावा लागला. १९६६ मध्ये भाभांचे विमान अपघातात निधन झाले. त्यानंतरही हा विभाग वाढत राहिला.

जीवाणूंच्या अभ्यासात स्थिरावल्यावर सिद्दीकी यांना एक नवा प्रश्न खुणावू लागला. जनुकांमुळे शरीर घडते. मग प्राण्यांची वागणूकही जनुकांच्या साहाय्याने उलगडता येईल का? हा प्रश्न समजण्यासाठी चेतापेशींचे काम थोडक्यात पाहिले पाहिजे. चेतापेशीतून निरोप विजेच्या लहरीच्या रूपाने धावतो. मात्र दोन पेशींच्या मधे मिलिमीटरच्या दोन-चार लाखांशांएवढी फट असते आणि ती लहर सहसा ही फट ओलांडू शकत नाही. म्हणून पेशीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या अतिसूक्ष्म पुटिका तयार असतात. लहर येताच काही पुटिका पेशीच्या पडद्याला जुळून फुटतात, रसायन फटीत सांडते आणि पलीकडची पेशी जागी होते. निमिषार्धात घडणारे हे काम अनेक प्रथिने मिळून पार पाडतात.

यातील कोणते प्रथिन काय करते, हे शोधायचे कसे? एखाद्या यंत्रातील एकच भाग बिघडला, म्हणजे त्या भागाचे काम कळते. हीच युक्ती अमेरिकेतील शास्त्रज्ञ सीमोर बेंझर फळांवरील चिलटांसाठी वापरत होते. चिलटाची पिढी सुमारे दहा दिवसांत तयार होते आणि ती बाटलीत सहज वाढवता येते. सिद्दीकी आणि बेंझर यांनी काही विलक्षण चिलटांचा अभ्यास केला. नेहमीच्या तापमानात ती धडधाकट असत. थोडी उष्णता वाढवली की लुळी पडत आणि गारवा मिळताच पुन्हा चालू लागत. त्यांपैकी ‘शिबिरे’ हा प्रकार कॅनडातील संशोधकांनी आधी शोधला होता. जपानी भाषेतील या नावाचा अर्थ बधिर होणे असा आहे. दुसऱ्या प्रकाराला ‘कोमाटोझ’ असे नाव मिळाले. ती चिलटे सुमारे ३८ अंश तापमानाला निपचित पडत आणि सावध व्हायला बराच वेळ घेत. या चिलटांच्या स्नायूंतील विद्युत्‌ प्रतिसाद नोंदवून त्यांच्या चेतासंस्थेत कोणता बिघाड होतो, याचा शोध या दोघांनी घेतला. हे संशोधन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या वेळी या जनुकांपासून कोणती प्रथिने बनतात, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते कळायला पुढे पंधरा-वीस वर्षे लागली. ‘शिबिरे’च्या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पडद्याचा तुकडा खुडून त्याची नवी पुटिका बनवण्यास मदत करते. ते निकामी झाले, की पुटिकांचा साठा संपतो आणि निरोप थांबतो. ‘कोमाटोझ’च्या जनुकापासून बनणारे प्रथिन, पुटिका पडद्याला जुळताना एकमेकांत गुंतलेली प्रथिने सोडवते आणि पुन्हा कामासाठी मोकळी करते. अशीच प्रथिने माणसाच्या मेंदूतही असतात. लुळ्या पडणाऱ्या चिलटांनी अशा रीतीने मानवी मेंदूच्या अभ्यासालाही हातभार लावला.

मुंबईत सिद्दीकी यांनी वास आणि चव यांच्या अभ्यासाला आरंभ केला. केनियात वाढलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज या त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. वास किंवा चव न ओळखणारी चिलटे या दोघांनी वेगळी काढली आणि या क्षेत्रात मुंबईच्या प्रयोगशाळेचे नाव जगभर झाले.

१९९० च्या दशकाच्या आरंभी बेंगळुरू येथे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले आणि सिद्दीकी त्याचे संस्थापक संचालक झाले. १९८४ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण आणि २००६ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. तरीही प्रयोगशाळेची ओढ कमी झाली नाही. ऐंशी वर्षे उलटल्यानंतरही त्यांचे संशोधन सुरूच होते. रस्त्यावरील अपघातात डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे २६ जुलै २०१३ रोजी बेंगळुरू येथे त्यांचे निधन झाले. पेशीतील पुटिकांच्या वाहतुकीचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

गारपिटीने सिद्दीकी यांच्या हातून गव्हाचे शेत हिरावून घेतले, पण प्रश्न विचारण्याची वृत्ती ती हिरावू शकली नाही. एक वाट बंद झाली तेव्हा त्यांनी दुसरी शोधली आणि मायदेशात परतून ती वाट इतरांसाठीही रुंद केली. मुंबई आणि बेंगळुरू येथील संस्थांतून आजही तरुण संशोधक त्याच वाटेने पुढे जात आहेत.