ट्रॅक्टरला अवजार जोडणारे हॅरी फर्ग्युसन

शेतात ट्रॅक्टर चालताना आपण पाहतो, पण त्याच्या मागे अवजार कसे जोडले आहे याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. नांगर असो वा गवत कापण्याचे यंत्र, ते तीन दांड्यांनी जोडलेले असते आणि एक लहानशी मूठ हलवताच वर उचलले जाते. ही जोडणी ज्या गृहस्थांनी जगाला दिली त्यांचे चरित्र आज आम्ही सादर करीत आहोत. यंत्र नीट जुळवणे आणि माणसाचा जीव सांभाळणे ही दोन वेगळी कामे नव्हेत, असे हे चरित्र सांगते.

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या डाउन परगण्यात, ड्रोमोर गावाजवळ, एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतातील कष्टांत त्यांचे मन रमेना. १९०२ साली ते बेलफास्ट शहरी गेले आणि बंधू जो यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात सायकली व मोटारींचे काम शिकले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी स्वतः बांधलेले विमान उडवले. आयर्लंडमधील ते पहिले उड्डाण होय. १९११ मध्ये त्यांनी मोटारींचा स्वतंत्र धंदा सुरू केला.

पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई भासू लागली. तेव्हा १९१७ साली आयर्लंडमधील ट्रॅक्टरांची देखभाल पाहण्याचे सरकारी काम त्यांच्याकडे आले. विली सँड्स या कुशल सहकाऱ्यासह ते शेतोशेत फिरले. त्या काळी नांगर बैलगाडीसारखा मागून ओढला जाई. तो खडकाला अडकला की मागची चाके थबकत, पुढचा भाग घोड्यासारखा उभा राही आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. अशा अपघातांत माणसे मरत.

यावर त्यांनी उपाय शोधला. खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी अवजार ट्रॅक्टरशी एकजीव करायचे. नांगर अडला की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि पुढची चाके जमिनीवर दाबली जातात. तेलाच्या दाबाने अवजार आपोआप वर-खाली होण्याची सोयही त्यांनी केली. हे सारे साधायला अनेक वर्षे गेली. डेव्हिड ब्राउन यांच्या सहकार्याने १९३६ मध्ये पहिला ट्रॅक्टर बाजारात आला, पण तो फारसा खपला नाही. १९३८ साली त्यांनी अमेरिकेत हेन्री फोर्ड यांना प्रात्यक्षिक दाखवले. करार कागदावर न होता केवळ हातात हात देऊन झाला आणि १९३९ मध्ये नवा ट्रॅक्टर निघाला. पुढे फोर्ड यांच्या नातवाने तो संबंध तोडला. खटला उभा राहिला आणि १९५२ साली ९२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. दरम्यान १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्यांचा लहान करडा ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले.

या ट्रॅक्टरचा स्टार्टर गिअरच्या दांड्यालाच जोडलेला होता. त्यामुळे गिअरमध्ये असताना इंजिन सुरूच होत नसे. सोबत मिळणाऱ्या पान्यावर इंचांच्या खुणा होत्या. नट आवळणे आणि माप घेणे ही दोन्ही कामे शेतकरी त्या एकाच पान्याने करी. १९५३ साली त्यांनी आपला धंदा मॅसी-हॅरिस या कंपनीत विलीन केला. २५ ऑक्टोबर १९६० रोजी, वयाच्या ७५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपले पूर्वज कोकणातून येऊन या बेटावर उसाच्या मळ्यांत हाताने राबले. आज आपल्यापैकी कोणाच्या हाती ट्रॅक्टर आणि मागे गवत कापण्याचे यंत्र असेल, तर फर्ग्युसन यांची शिस्त त्याने पाळावी. बोटांसारख्या दात्यांतून सरकणाऱ्या पात्याचे यंत्र असेल, तर प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला पाते दात्याच्या बरोबर मध्यभागी आले पाहिजे. काम करताना दांड्याचे बाहेरचे टोक मागे रेटले जाते. म्हणून ते आधीच, दर फुटामागे सुमारे पाव इंच, पुढे ठेवावे. बोथट पाती बदलावीत आणि सैल नट आवळावेत. गरगर फिरणाऱ्या पात्यांचे यंत्र असेल, तर झिजलेली पाती जोडीने बदलावीत, नाहीतर तोल जाऊन यंत्र थरथरते. ते खडे दूरवर फेकते, म्हणून मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

एक गोष्ट मात्र फर्ग्युसन यांच्या जोडणीलाही साधलेली नाही. तेलाच्या दाबावर उचललेले यंत्र दाब गेला की क्षणात खाली येते. म्हणून भक्कम आधार लावल्याशिवाय त्याच्याखाली कोणीही हात घालू नये. दुरुस्तीपूर्वी यंत्र जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात ठेवावी आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. यंत्राला शक्ती देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचे आवरण काढून ठेवू नये, कारण सदऱ्याचे टोक त्यात गुंतायला निमिषही पुरतो. ट्रॅक्टर उलटून माणसे दगावू नयेत म्हणून एका माणसाने अर्धे आयुष्य वेचले. किल्ली काढायला लागणारा अर्धा मिनिट आपण वाचवू नये, एवढीच आमची विनंती.