परवाना क्रमांक एक

कागल मागे पडले, दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी लागते. एका बाजूस ऊस, दुसऱ्या बाजूस तंबाखूचे रान आणि मधून धावणारा महामार्ग. सीमाभागातील मराठी माणसाला हे गाव ठाऊक आहे ते तेथील नाक्यामुळे. मेळाव्यासाठी बेळगावकडे निघालेले पुढारी येथेच अडवले जातात आणि करोनाच्या दिवसांत तपासणीचे कागदही येथेच मागितले जात होते. जून २०२५ च्या अखेरीस कोल्हापूरहून गोव्याकडे परतताना आम्ही या नाक्याजवळच्या एका टपरीवर चहासाठी थांबलो होतो. बाकावर बसलेल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने आम्ही वर्तमानपत्रवाले आहोत हे कळताच आम्हांस एक प्रश्न केला. नातू नोकरीसाठी परदेशी जायचा आहे, त्याला विमानात बसवावे की नाही, एवढेच त्याला हवे होते.

प्रश्न भाबडा होता असे म्हणण्याची आमची छाती झाली नाही. १२ जून रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले होते. विमानातील २४२ जणांपैकी एकच वाचला आणि जमिनीवरचे १९ जण गेले. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा उड्डाणानंतर काही क्षणांतच तोडला गेला, असे पुढे जुलैतील प्राथमिक अहवालात नमूद झाले. तो का तोडला गेला, हे त्या अहवालाने सांगितले नाही. म्हाताऱ्याला आम्ही त्या दिवशी गुळमुळीत काहीतरी सांगून निघालो. घाट उतरेपर्यंत मात्र मनात एकाच माणसाचे चरित्र घोळत राहिले. ते म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, ज्यांना सारा देश जे. आर. डी. म्हणून ओळखत असे.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. आई फ्रेंच. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या ब्लेरिओचे घर फ्रान्सच्या समुद्रकाठी टाटांच्या बंगल्याशेजारीच होते. मुलाला विमानाचे वेड लागले ते तेथे. हौसेचे पुढे काय होते हे आपण घरोघर पाहतोच, पण या मुलाची हौस जिरली नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती पडला. दुसऱ्या वर्षी आगाखानांनी लावलेल्या पारितोषिकासाठी ते कराचीहून इंग्लंडकडे निघाले. इजिप्तमध्ये अबूकीर येथे उलट दिशेने येणारा अस्पी इंजिनिअर हा कोवळा प्रतिस्पर्धी स्पार्क प्लगवाचून अडकून पडलेला त्यांना दिसला. त्यांनी आपल्याजवळचे प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला आणि पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. या प्रसंगाची आठवण दिलदारीचा नमुना म्हणून केली जाते. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्या इंजिनात बिघाड आहे अशा माणसाला तसाच उडू देऊन जिंकणे, हे त्यांच्या हिशेबात जिंकणेच नव्हते.

नेव्हिल व्हिन्सेंट या इंग्रज वैमानिकाने टपालवाहतुकीची योजना आणली आणि दोन लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे जे. आर. डी. एकटेच पस मॉथ जातीच्या चिमुकल्या विमानातून कराचीहून निघाले. अहमदाबादला इंधन बैलगाडीतून डब्यांनी आले. ते भरून दुपारी ते जुहूस उतरले. तेथून व्हिन्सेंटने टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासकडे नेले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते, मार्गावर दिवे नव्हते आणि जुहूची कचेरी म्हणजे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली खोपटी. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल झाला की सारा संसार उचलून पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर न्यावा लागे. अशा अवस्थेत पहिल्या पूर्ण वर्षात या कंपनीची विमाने १ लाख ६० हजार मैल उडाली, १५५ उतारू आणि दहा टनांहून अधिक टपाल त्यांनी नेले आणि एकही फेरी वेळ चुकली नाही. सरकारी अहवालानेच तिच्या नियमितपणाची वाखाणणी केली. सरकारचे अनुदान मात्र तिला मिळाले नव्हते.

गोमंतकीय वाचकास सांगायला हवे की १९३५ साली याच कंपनीने मुंबई ते त्रिवेंद्रम अशी साप्ताहिक फेरी सुरू केली, तेव्हा वाटेतील थांबे गोवा आणि कण्णूर हे होते. पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ बांधला तो त्यानंतर वीस वर्षांनी. बोटीने मुंबई गाठणाऱ्या आमच्या वाडवडिलांना त्या विमानाचे दर्शन आकाशातच घडले असणार, भाडे काही त्यांच्या ऐपतीतले नव्हते.

१९४८ च्या जूनमध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला गेले आणि नव्या देशाचा झेंडा युरोपात पोचला. १९५० मध्ये तेच विमान आल्प्समधील माँ ब्लां शिखरावर आदळून ४८ माणसे गेली. १९६६ मध्ये त्याच पर्वतावर ‘कांचनजंगा’ कोसळले. त्यात होमी भाभा होते. जे. आर. डी. अध्यक्ष असतानाचे हे अपघात आहेत आणि त्यांचे चरित्र लिहिताना ते गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. ते त्यांना मान्य नव्हते, आपल्याला विश्वासात घेतले नाही याचा सल तर कायमचा राहिला. तरीही सरकारने विनंती करताच त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद घेतले आणि पंचवीस वर्षे ते विनावेतन सांभाळले. खासगी असते तर टिकले असते, सरकारी झाले म्हणून बुडाले, हे आजकालचे सोपे सूत्र आम्हांस पटत नाही ते याच पंचवीस वर्षांमुळे. मालक सरकारच होते. पण १९६० मध्ये बोईंग ७०७ आली आणि १९६२ मध्ये केवळ जेट विमाने चालवणारी जगातील पहिली कंपनी असा लौकिक तिला मिळाला.

हे कशाने झाले? प्रवास करून उतरले की जे. आर. डी. टिपणे लिहीत. चहा आणि कॉफी यांच्या रंगात फरक दिसत नाही, काही आसने नको तितकी मागे कलतात, काही कलतच नाहीत, अशा बारीकसारीक नोंदी त्यांत असत. एका कचेरीतला धुळीने माखलेला काउंटर त्यांनी स्वतः फडके मागवून पुसला, असे सांगतात. मोठ्या माणसाच्या लहरी म्हणून याकडे पाहता येईल. पण विमानाच्या धंद्यात चहाचा रंग आणि इंजिनाची कळ यांवर एकच नजर फिरत असते. आसनाची कळ बिघडल्याची तक्रार महिनाभर कोणी वाचत नाही, तेथे इंजिनाच्या नोंदवहीवरची सहीसुद्धा न वाचता होण्याचा धोका असतो.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. त्यांची नजर होती ती परदेशी जाणाऱ्या एअर इंडियावर. देशांतर्गत वाहतूक राष्ट्रीयीकरणाने आठ कंपन्यांची मोट बांधून बनलेल्या इंडियन एअरलाइन्सकडे गेली. त्या संस्थेच्या मंडळावर ते होते, पण सूत्रे त्यांच्या हाती नव्हती. दाबोळी किंवा सांबऱ्याला ताटकळणारा उतारू या दुसऱ्या संस्थेचा होता. महाराजाचा पाहुणचार त्याने जाहिरातींतच पाहिला.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडले. २१३ माणसे गेली. विमान किती कलले आहे हे दाखवणारे मुख्य वैमानिकासमोरचे उपकरण बिघडून उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. विमान सरळ करण्याच्या समजुतीने तो ते डावीकडे अधिकाधिक कलवत गेला, आणि अंधारात समुद्र व आकाश यांतली रेषा त्याला दिसेना. तेथे दुसरी चालू उपकरणेही होती. त्यांच्याकडे वेळेत लक्ष जाण्यासाठी हाताशी काही सेकंदच होते. त्यानंतर महिन्याभरात मोरारजी देसाई यांच्या सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. ही बातमी त्यांना सरकारकडून कळली नाही; त्यांच्या जागी नेमलेल्या एअर चीफ मार्शल लाल यांच्याकडून कळली. सरकारला अध्यक्ष बदलण्याचा अधिकार होता. पंचवीस वर्षे बिनपगारी राबलेल्या माणसाला दोन ओळी लिहिण्याचे सौजन्य त्याला सुचले नाही, हे आम्हांस आजही खटकते. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना मंडळावर परत घेतले, अध्यक्षपदावर नव्हे.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जुन्या बनावटीच्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई ही फेरी पुन्हा एकदा केली. १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. २००७ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्या एकत्र झाल्या आणि तोट्याचा डोंगर वाढतच गेला. २०१० मध्ये मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टीपुढे घसरलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात १५८ माणसे गेली, २०२० मध्ये कोळीकोडला २१. आखातातून घरी येणारी आमच्याच किनाऱ्यावरची माणसे होती ती. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांच्या घरात परतली आणि साडेतीन वर्षांच्या आत अहमदाबाद घडले, जेथे कधी काळी इंधन बैलगाडीतून आले होते.

नव्या मालकांकडे पैसा आहे, विमानांची मागणी नोंदवलेली आहे, नवे रंग आणि नवा गणवेशही आहे. प्रवासातून उतरल्यावर टिपण लिहिणारा कोणी तेथे आहे काय आणि ते टिपण वाचून दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये जाणारा कोणी आहे काय, हे त्यांनी उतारूंना उघडपणे सांगावे अशी आमची मागणी आहे. किरकोळ बिघाडांची आणि त्यांवर झालेल्या दुरुस्तीची माहिती दर तिमाहीस प्रसिद्ध करण्यास कोणतीही गुप्तता आड येत नाही. कोगनोळीच्या त्या आजोबांनी नातवाचे तिकीट मोपाहून काढल्याचे सांगितले होते. त्यांना हवे होते ते उत्तर आमच्यापाशी नव्हते, ते कंपनीपाशी असले पाहिजे.